वाऱ्यानं नेलेला शेला

आमच्या कारांदाती गावात बसथांब्यापासून एल्वाच्या घरापर्यंतचा रस्ता इतका सरळ आहे, की दारू प्यालेला माणूससुद्धा त्यावरून न चुकता घरी पोचतो. तांबडी माती, दोन्ही अंगांना आंबे, संपला रस्ता. पण ऑगस्टपासून एल्वाची मुलगी निमिया त्या रस्त्याला लागेनाशी झाली. शनिवारी राजधानी आसुन्सिओनहून बसनं यायची, उतरून इकडेतिकडे बघायची, आणि वीटभट्टीच्या मागनं, गुरांच्या पाणवठ्यावरनं, घोटाभर चिखल तुडवत परसदारानं घरात शिरायची. एका बाजूचे केस भादरलेली, नाकात खडा घातलेली, आसुन्सिओनच्या कलाशाळेत शिकलेली मुलगी चपला हातात धरून गायींना "सरक गं बाई" म्हणत चालली आहे, हे दृश्य गावानं बरेच दिवस मजेनं पाहिलं.

"शहरात चिखल महागला वाटतं," भट्टीवरचे लोक म्हणायचे. "इथला फुकटचा न्यायला येते."

यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. निमिया गावातनं काय वाटेल ते उचलून न्यायची. पण चिखलाचं कारण दुसरं होतं. सरळ रस्त्यावर न्या पोर्फिरियाचं घर लागतं. 'न्या' म्हणजे थोरल्या बाईला मान देऊन म्हणतात ते. आणि ही तर निमियाची धर्मआई, बाप्तिस्म्याला तिला हातांवर धरलेली. आमच्याकडे धर्मआई दिसली की चालत असलात तर थांबायचं, सायकलवर असलात तर उतरायचं, दोन्ही हात जोडायचे आणि म्हणायचं, "आशीर्वाद दे, धर्मआई." ती हवेत बोटांनी क्रूस काढते, म्हणते, "देव तुला पवित्र ठेवो, पोरी." मग पुढं जायचं. मिशा पांढऱ्या झाल्या तरी यातनं सुटका नाही.

निमियाला नेमकं तेच नको होतं. जे हात जोडायचे, त्याच हातांनी तिनं जे केलं होतं ते गावात तिच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

पोर पहिल्यापासून चिंध्यांची. इतर मुली बाहुलीला कपडे शिवायच्या, तर ही बाहुलीचे कपडे उसवून बघायची. एल्वाच्या घरात फरशी पुसायला फडकं उरायचं नाही; निमियानं ते गादीखाली लपवलेलं असायचं, "यावर आजीच्या हाताचा डाग आहे" म्हणून. पुढं कलाशाळेत तिच्या या खोडीला मोठं नाव मिळालं. विरलेलं कापड, स्वतःचे केस, मेण, गंजके खिळे, आंब्याच्या पानाच्या शिरा, आजीच्या न्यांदुती लेसचे तुकडे, असं सगळं एकत्र शिवून ती छताला टांगायची. जवळून कुणी शिंकलं तर पडेल अशा बेतानं. आठवण ही अशीच असते, हात लावला की विरते, असं ती समजावून सांगायची, आणि शहरातले लोक माना डोलवायचे.

"विरतं तर रफू कर ना," एल्वा म्हणायची. "तुला शिवण शिकवलं कशाला मी?"

"आई, रफू केलं तर ती कला होत नाही."

"मग आमचे सगळे जुने कपडे कलाच आहेत म्हण की. घेऊन जा, आणि मला नवे दे."

आता शेल्याचं. आमच्याकडे क्रुसाच्या दोन्ही बाहूंवरून पांढरा शेला घालतात. म्हातारपणी, अंथरुणात मेलेल्यांचा शेला दरवर्षी मे महिन्यात, क्रुसाच्या सणाला बदलतात. पण जो रस्त्यात, अवेळी गेला, त्याचा क्रूस तो पडला तिथंच उभा राहतो, आणि त्याच्यावरचा शेला आईनं स्वतः शिवलेला असतो. तो कुणी बदलत नाही, कुणी काढत नाही. ऊन, पाऊस, वारा काय करतील ते. एक दिवस तो आपोआप गळून पडतो. पडला की गाव समजतं, पोरानं आईला सोडलं. मग आईनं काळे कपडे उतरवायचे, गोड खायचं, रेडिओ लावायचा. तोवर नाही. पाद्रीबाबा म्हणतात, असलं काही शास्त्रात नाही. पण येता-जाता तेही मान वर करून शेल्याकडे बघतातच.

न्या पोर्फिरियाचा एकुलता एक मुलगा, अल्सिदेस, बसथांब्याजवळ ओढ्याच्या वळणावर मोटारसायकलवरून पडून गेला. बाईनं पहिल्या दुःखाच्या भरात शेला शिवला तो जाड सुताचा, दुहेरी शिवणीचा, काठाला पुन्हा टाके. इतरांचे शेले दोन-तीन पावसाळ्यांत पडायचे. हिचा अर्धं तप उलटलं तरी जागचा हलेना.

"न्या पोर्फिरिया, शेला शिवलात का जहाजाचं शीड?" बायका तिला म्हणायच्या, आणि तीही हसायची. हसण्याला बंदी नव्हती, काळ्या कपड्यांत हसायचं एवढंच.

या सगळ्यात खरी गंमत झाली होती ती क्रेसेन्सियोची. हा विधुर, सायकलवर टोपली बांधून चिपा विकणारा. मांदिओका कंदाच्या पिठाच्या, चीज घातलेल्या त्या कड्यांचा वास आला की गाव जागं होतं. त्याचा न्या पोर्फिरियावर जीव, तिचाही त्याच्यावर नव्हता असं नाही. पण काळ्या कपड्यांतल्या बाईला कसं मागायचं? म्हणून शेतकरी ढगाकडे बघतो तसा क्रेसेन्सियो रोज पहाटे त्या शेल्याकडे बघायचा.

"काय कराय क्रेसेन्सियो, किती राहिलाय?" पोरंटोरं विचारायची. कराय म्हणजे आमच्याकडचं 'राव'.

"एक बाजू राहिली," तो म्हणायचा. "वाऱ्याला चिपा चारतोय, बघू."

ऑगस्टात उत्तरेचा वारा सुरू झाला. गरम, धुळीचा, माणसाला चिडका करणारा. निमियाचं राजधानीत पहिलंवहिलं प्रदर्शन ठरलं होतं. बाकी सगळं तयार होतं, पण मधल्या भिंतीवर टांगण्याजोगं काही हातात नव्हतं. त्या शनिवारी ती ऐन दुपारी उतरली. गाव झोपलेलं. दुपारी न झोपणाऱ्या पोरांना पिवळ्या केसांचा यासी-यातेरे उचलून नेतो म्हणतात. त्या वेळी बाहेर एक तो असेल आणि एक निमिया. वळणावर तिला शेला दिसला. एका बाजूचा पार सुटून लोंबत होता. ऊन त्याच्यातून आरपार जात होतं. कापड कुठं संपतं आणि उजेड कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं.

रिवाज तिला ठाऊक नव्हता असं कोण म्हणेल? उलट शहरात तीच सगळ्यांना तो रंगवून सांगायची. इतक्यांदा सांगितला, की सांगता सांगता तो रिवाज राहिलाच नाही, तिचा एक किस्सा झाला. तिनं मनाशी म्हटलं, आज नाही तर उद्या पडणारच आहे. वारा तर सुटलाच आहे. ती चवड्यांवर उभी राहिली आणि शेला हलकेच ओढला.

तो आला नाही. कोपऱ्यातला एक धागा क्रुसाच्या लाकडाला धरून होता. तिनं पुन्हा ओढला. धागा ताणला, पण सुटला नाही.

तेव्हा निमियानं पिशवीतली छोटी कात्री काढली आणि तो कापला.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेसेन्सियो सायकलवरून पडला. बोडका क्रूस बघून त्याचा तोल गेला, चिपा तांबड्या धुळीत गडगडल्या, आणि तो त्या तशाच टाकून ओरडत गावात शिरला, "पडला! न्या पोर्फिरिया, शेला पडला!" सगळं गाव वळणावर. झुडपं धुंडाळली, ओढा धुंडाळला, शेला कुठंच नाही. मग म्हाताऱ्यांनी निवाडा केला: नुसता पडला नाही, वाऱ्यानं नेला. म्हणजे पोरगा सोबत घेऊन गेला. याहून चांगला शकुन नाही.

न्या पोर्फिरिया आधी खाली बसली. पाणी मागितलं. मग उठली, पेटीतनं निळा झगा काढला, तो अंगात शिरेना. बायकांनी दोन्हीकडून ओढून शिरवला, मागची शिवण उसवली, आणि सगळ्या जणी रडत रडत हसल्या.

एल्वानं निमियाला अंथरुणातनं ओढून काढलं. "ऊठ गं! धर्मआईचा दुखवटा सुटला, आणि तू लोळतेयस?"

शेला तेव्हा निमियाच्या पिशवीत, वर्तमानपत्राच्या घडीत होता. त्या सकाळी तो कुठल्याही कुंपणावर टाकून दिला असता तरी भागलं असतं. निमियानं तसा विचारही केला. पण कापलेला कोपरा कुणी बघितला तर, असं तिनं स्वतःला सांगितलं. खरं हे, की तिला तो हवा होता. ती गेली, निळ्या झग्यापुढं उभी राहिली, हात जोडले. न्या पोर्फिरियानं हवेत क्रूस काढला आणि वर तिच्या गालाचा मुका घेतला. त्या दिवसापासून चिखलाची वाट.

राजधानीतल्या भाड्याच्या खोलीत तिनं शेला मेणात बुडवला, स्वतःच्या केसांनी त्याला जागोजागी टाके घातले, मांदिओकाची खळ दिली आणि दोन तारांवर ताणून मागं दिवा ठेवला. प्रदर्शनाच्या हॉलची मालकीण, सेन्योरा मिर्ता, बघून खुर्चीतच बसली. "हे सगळ्याचं काळीज आहे," ती म्हणाली. "नाव काय?"

"आपोआप," निमिया म्हणाली. तोंडातनं निघून गेलं. नंतर त्या शब्दानं तिला किती रात्री टोचलं असेल ते तिचं तिला ठाऊक. पण तोवर निमंत्रणाच्या कार्डावर चित्र छापून झालं होतं, आणि खाली तेच नाव.

गावाकडे न्या पोर्फिरियाचं लग्न ठरलं. डिसेंबरात, काकुपेच्या मारियेचा सण झाला की. आणि एल्वानं जाहीर केलं, की मुलीच्या प्रदर्शनाला सगळ्यांनी जायचं, बस ठरवली आहे, पहिल्या बाकावर धर्मआई.

उद्घाटनाच्या सकाळी निमिया मिर्ताबाईंकडे गेली. "ते मधलं काढून ठेवलं तर?" म्हणाली.

"वेडी का काय? कार्डावर तेच आहे."

"नाही, म्हणजे, मी आपलं म्हटलं."

नकार यावा म्हणून किती हळू विचारायचं असतं, ते माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. वर्तमानपत्राची बाई येणार होती. निमियानं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

संध्याकाळी कारांदाती आलं. ठेवणीतल्या कपड्यांत, चिपांच्या टोपलीसकट. क्रेसेन्सियोनं दारातच वाटायला सुरुवात केली, तेव्हा शहरातल्या लोकांना तोही प्रदर्शनाचाच भाग वाटला.

"हे माझं पोतेरं!" एल्वा एका तारेपुढं ओरडली. "हे मी दोन वर्षं शोधत होते!"

"कराय क्रेसेन्सियो, शिंकू नका, सगळं पडेल."

"पडू दे की. पडलं की आमच्यात लग्न लागतं."

हशा झाला. निमिया खांबाआड उभी होती. तिला न्या पोर्फिरियाची निळी पाठ दिसत होती. ती पाठ एकेका कामापुढं थांबत मधल्या भिंतीपर्यंत पोचली आणि मग हलेना. दिव्याचा उजेड शेल्यातून तिच्या तोंडावर पडला होता. वर्तमानपत्राच्या बाईनं तिला विचारलं, "आवडलं?"

"आवडलं म्हणजे काय," न्या पोर्फिरिया म्हणाली, आणि आवाज असा चढवला की सगळ्यांना ऐकू जावं. "माझ्या अल्सिदेसचा शेला अगदी असाच होता. तो वाऱ्यानं नेला. आणि माझ्या पोरीनं बघा, आठवून आठवून तसाच्या तसा केलाय. काठाचे टाकेसुद्धा! लहानपणी त्याच्या मागं मागं फिरायची ना. विसरली नाही." ती वळली. "कुठंय निमिया? इकडे ये."

निमिया आली. यायलाच लागलं. हात जोडायला ती विसरली, तर न्या पोर्फिरियानं वाट बघितली नाही. न मागताच, सगळ्यांसमोर, हवेत मोठा क्रूस काढला. "देव तुला पवित्र ठेवो, पोरी. माझ्या लेकाला तू घर दिलंस."

चिखल चुकवता येतो. हे कसं चुकवायचं? निमियाच्या कानशिलापासून गळ्यापर्यंत सगळं पेटलं. ती म्हणाली, "तसाच केलेला नाही, धर्मआई. तोच आहे."

"काय तोच?"

"वाऱ्यानं नेला नाही. मी नेला."

हॉलमध्ये कुणाच्या तरी तोंडात चिपा तशीच राहिली. न्या पोर्फिरियाला आधी कळलंच नाही. मग ती हसल्यासारखी झाली. "म्हणजे पडल्यावर उचललास. सांगायचं ना मग, वेडे."

ही पळवाट तिनं स्वतःच्या हातानं उघडून दिली होती. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर लग्न, निळा झगा, मधली भिंत, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. निमियानं तोंड उघडलंही. पण समोर त्या बाईची बोटं अजून क्रूस काढल्यासारखी वर होती.

"पडला नव्हता," ती म्हणाली. "एक धागा होता. मी कापला."

"ओढून बघितलास?"

"बघितला. दोनदा."

"आला नाही?"

"नाही."

न्या पोर्फिरियानं हात खाली घेतला. "म्हणजे धरून होता," ती म्हणाली. ती निमियाशी बोलत नव्हती. "माझं पोर धरून होतं, आणि मी इकडे झगे शिवत होते."

एल्वा पुढं झाली. गाव म्हणतं, ती कानाखाली वाजवणार होती. पण तिनं लेकीचा दंड फक्त पकडला आणि मान खाली घातली. निमियाला ते जास्त लागलं. मिर्ताबाई काही तरी म्हणायला आल्या, तोच न्या पोर्फिरिया म्हणाली, "उतरवा तो," आणि मिर्ताबाईंनी स्वतः दिवा बंद केला.

परतीच्या बसमध्ये शेल्याची घडी होईना. मेणानं आणि खळीनं तो पत्र्यासारखा ताठ झाला होता. क्रेसेन्सियो तो दोन्ही हातांनी उभा धरून बसला, प्रत्येक खड्ड्याला सांभाळत. न्या पोर्फिरियानं निळ्या झग्यावर कुणाची तरी काळी ओढणी घेतली होती. वळणाजवळ आल्यावर क्रेसेन्सियोनं शेल्यावर टिचकी मारून बघितली. टक् असा आवाज आला.

"बाई गं," तो हळूच म्हणाला. "हा आता आपल्या नातवंडांच्या लग्नापर्यंत पडत नाही."

आणि ते खरंच होतं. विरण्याचं कौतुक करता करता निमियानं शेला असा पक्का करून ठेवला होता, की वारा त्याला शिवणार नव्हता. न्या पोर्फिरियानं बसमधून उतरताना तो एल्वाच्या हातात दिला. निमियाकडे बघितलं नाही. "जसा होता तसा करून मागते," म्हणाली. "तितकाच कच्चा. त्याहून धड नको, आणि त्याहून वाईटही नको."

निमिया राजधानीला परत गेली नाही. आठवडाभर परसात कढईत पाणी तापवत बसली. गरम पाण्यात मेण सोडवायचं, पण उकळतं झालं तर विरलेलं सूतच तुटेल. खोबऱ्याच्या साबणानं खळ काढायची, पण चोळायचं नाही. स्वतःचे केस एकेक करून सुईनं उपसून काढायचे. प्रत्येक टाक्याला कापड तोंड वासायचं. आजवर कापड फाटलं की तिला आनंद व्हायचा. आता हातातल्या हातात फाटलं तर कुणाला तोंड दाखवायचं? एल्वा मधूनच तेरेरेचा, आमच्याकडच्या पाल्याच्या गार चहाचा, पेला शेजारी आणून ठेवायची आणि जायची. भट्टीवरचे लोक कुंपणावरून बघायचे. त्यांनाही चेष्टा सुचत नव्हती.

रविवारी प्रार्थनेनंतर वळणावर सगळे जमले. निमिया सरळ रस्त्यानं आली, दोन्ही हातांवर शेला पसरून, जसं तान्हं मूल बाप्तिस्म्याला नेतात. न्या पोर्फिरिया काळ्या कपड्यांत होती. तिनं शेला घेतला, उजेडापुढं धरला, क्रुसाच्या बाहूवर टाकला. कापलेल्या कोपऱ्यातनं एक धागा बोटांनी ओढून काढला आणि जुन्या जागी लाकडाला गुंडाळला. एकच वेढा. गाठ मारली नाही.

सगळे थांबले. वाऱ्याचा मागमूस नव्हता. आंब्याचं पानसुद्धा हलत नव्हतं.

निमियानं हात जोडले. "आशीर्वाद दे, धर्मआई."

न्या पोर्फिरियाचा हात अर्धा वर आला. तिनं शेल्याकडे बघितलं, मग त्या जोडलेल्या हातांकडे, मेणानं भाजून सोललेल्या बोटांकडे. हात तसाच खाली गेला.

"पडू दे आधी," ती म्हणाली. "रोज येऊन बघत जा. हात लावू नकोस."

लोक पांगले. निमिया तिथंच, हात कुठं ठेवायचे ते न कळून उभी राहिली. क्रेसेन्सियो सायकल धरून मागं रेंगाळला होता. त्यानं टोपलीवरचं फडकं बाजूला केलं, एक गरम चिपा काढली आणि तिच्यापुढं धरली.

"खा," तो म्हणाला. "मला काय, थांबायची सवय आहे. तुलाच नवीन आहे."

तिनं चिपा घेतली. एक घास खाल्ला, आणि मान वर करून शेल्याकडे बघितलं.